पोहण्याची विद्या आणि आपण

मुंबई हें बेट आहे, ही गोष्ट मुंबईकरांस भूगोलाच्या पुस्तकावांचून सहसा आठवत नाहीं. आमचें ट्रॉम्बे तर एके काळीं साष्टीहून निराळें असें स्वतंत्र बेट होतें. पुढें भराव पडत गेले, दलदली बुजल्या आणि तें शेजारच्या भूमीला चिकटलें. अजूनहि पूर्वेस ठाण्याची खाडी पसरलेली आहे, दूर पाण्यांत घारापुरीचा डोंगर दिसतो आणि कोळीवाड्याच्या धक्क्याला होड्या लागतात. अशा जागीं राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांत पोहतां येणारीं माणसें किती असावींत, याची आम्हीं ओळखीच्या दहापांच घरांत सहज विचारपूस केली. कोळ्यांचीं घरें सोडून बोलतों. त्या बाबतींत सुशिक्षित ते आहेत, आम्ही नव्हे. उत्तर बहुतेक ठिकाणीं एकच आलें: आजोबांना उत्तम येत असे, वडिलांना थोडें येतें, मुलाला येत नाहीं; आणि मुलीविषयीं विचारलें तर, हा काय प्रश्न झाला, अशी मुद्रा.

हा विषय आज हातीं घेण्यास निमित्त एका पत्राचें झालें. आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा सहकुटुंब फ्रान्समध्यें असतो. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीनें आजीस मराठींत पत्र लिहिलें, तें आजींनीं आम्हांस कौतुकानें वाचावयास दिलें. (ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, परंतु येथें वाढलेल्या मुलांच्या पत्रांहून कमीच.) सुटींत सर्वजण एका खेड्याजवळच्या तळ्यावर गेलों, आम्ही दिवसभर पोहलों, दादानें शिडाची लहान होडी चालवली, आणि शाळेंतली पोहण्याची परीक्षा मी उत्तीर्ण झालें, असा त्यांतील मजकूर. परीक्षेचा आनंद आजींना झालाच. पण मनांत राहिली ती तळ्याची धास्ती. “अहो मास्तर, तळ्यांत का कुणी पोरांना सोडतं?” असें त्यांनीं विचारलें. प्रश्न रास्त आहे. आपल्या इकडील तळीं ज्यानें पाहिलीं आहेत तो हेंच विचारील.

आधीं त्या परीक्षेविषयीं सांगतों, कारण पस्तीस वर्षें प्रश्नपत्रिका काढलेल्या माणसास तिचें फार कौतुक वाटलें. फ्रान्समधील शाळांत मुलास पोहतां येतें असा दाखला देण्याची पद्धत आहे, व साधारण अकराबारा वर्षांच्या वयापर्यंत मुलानें तो मिळवावा अशी अपेक्षा असते. ह्या परीक्षेंत घड्याळ लावून वेग मोजीत नाहींत. मुलानें कांठावरून पाठमोरें पाण्यांत पडावयाचें, ३.५ मीटर जाऊन एका अडथळ्याखालून, पुरती बुडी घेऊन, १.५ मीटर पार व्हावयाचें. मग पोटावर १५ मीटर पोहावयाचें, आणि वाटेंत इशारा झाला कीं जागच्या जागीं उभ्यानें १५ सेकंद तरंगत राहावयाचें. पुढें कशाचाहि आधार न घेतां वळून उताणें व्हावयाचें, पाठीवर १५ मीटर परत यावयाचें, आणि उताण्यानेंहि १५ सेकंद स्थिर राहावयाचें. डोळ्यांना पोहण्याचा चष्मा लावलेला चालत नाहीं. यांतलें एकेक कलम पाहावें. मनुष्य नदींत वा विहिरींत पडतो तो सूर मारून नव्हे, तोल जाऊन, बहुधा पाठमोराच पडतो; पडल्यावर डोकें एखाद्या होडीखालीं वा ओंडक्याखालीं येतें; दम संपतो तेव्हां थांबून तरंगावें लागतें; आणि चष्मा घालून कोणी बुडत नसतो. ज्यानें ही परीक्षा योजिली, त्यानें शर्यतीचा विचार केलेला नाहीं, अपघाताचा केला आहे.

आतां तळ्याविषयीं. फ्रान्समधील खेड्यापाड्यांतून अशीं पुष्कळ तळीं आहेत, आणि त्यांतलीं सर्वच कांहीं देवनिर्मित नाहींत. लिमूझां प्रांतांतील व्हासिव्हिएरचें तळें पाहा. १९५० च्या सुमारास विजेसाठीं धरण बांधलें, त्यामागें सुमारें १००० हेक्टरांचा जलाशय सांचला. म्हणजे आपल्या धरणांचाच तो भाऊबंद. त्याच्या कांठीं लोक उन्हाळ्यांत पोहतात आणि शिडाच्या होड्या चालवतात. परंतु हें वाटेल तेथें नव्हे. पहाऱ्याची जागा दोरानें व तरंगत्या बोयांनीं आंखून दिलेली असते, तेवढ्यांतच पोहावयाचें. होड्यांनीं तिकडे यावयाचें नाहीं. जीवरक्षक खुर्चीवर बसलेला असतो व जवळ निशाण लावलेलें असतें. हिरवें असेल तर खुशाल उतरावें, पिवळें असेल तर जपून, तांबडें असेल तर मनाई. आणि निशाणच नसेल तर पहारा नाहीं असें समजावें. पाण्याचा नमुना उन्हाळ्याच्या हंगामांत वरचेवर तपासतात, त्यांत विष्ठेंतले जंतु किती हें पाहतात, आणि तो निकाल लोकांस कळवतात. आजींच्या प्रश्नाचें उत्तर ह्यांत आलें. मुलांना तळ्यांत सोडीत नाहींत. तळ्याच्या एका आंखलेल्या कोपऱ्यांत, एका माणसाच्या नजरेखालीं सोडतात.

स्वच्छतेचा मुद्दा आला म्हणून आणखी एक उदाहरण देतों. आल्प्स पर्वतांतील आनसीच्या तळ्याचें पाणी आज युरोपांत नितळपणाबद्दल प्रसिद्ध आहे. तें नेहमींच तसें नव्हतें. भोंवतालच्या गांवांचें सांडपाणी तळ्यांत जात असे, आणि तें बिघडूं लागलें. १९५७ सालीं कांठच्या गांवांनीं एक संयुक्त मंडळ स्थापिलें, तळ्याभोंवतीं सांडपाण्याच्या नळांचें कडें घातलें, आणि घाण तळ्यांत न सोडतां शुद्धीकरणाच्या जागीं नेली. पुढें पुष्कळ वर्षें काम चाललें. आमच्या पवईच्या तळ्याची कथा ह्याच्या शेजारीं ठेवून वाचावी. १८९१ सालीं तें पिण्याच्या पाण्यासाठीं म्हणून बांधलें; पाणी त्या कामास उतरलें नाहीं; भोंवतीं वस्ती वाढली, सांडपाणी येऊं लागलें, जलपर्णी माजली. त्यांत मगरीहि आहेत. ह्यांतल्या मगरींचा दोष नाहीं, हें न्यायानें म्हटलें पाहिजे. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हीं दोन तळीं मात्र अजून मुंबईस पाणी पाजतात. तेथें पोहण्यास बंदी असणें योग्यच आहे, आणि कोणी तक्रार करूं नये.

मग आमचे आजोबा पोहण्यास शिकले कोठें? विहिरींत. आम्हीहि तेथेंच शिकलों. घांटावरच्या गांवीं मळ्यांतली मोटेची विहीर असे. मोट बंद पडून इंजिन आलें होतें, पण थारोळें शिल्लक होतें. वैशाख लागला कीं एखादा काका वा गडी मुलांना घेऊन जाई. पाठीला वाळका भोपळा बांधीत, नाहींतर पांगाऱ्याचें हलकें लांकूड, आणि पुढें पुढें तेलाचा रिकामा डबा. कमरेला सोल बांधून त्याचें टोंक वर काकांच्या हातीं. पहिल्या दिवशीं सर्वजण रडत. आठव्या दिवशीं भोपळा सुटे, पंधराव्या दिवशीं दोर सुटे, आणि महिन्याच्या आंत तोच मुलगा धांवेवरून मुटका मारी. ह्या शाळेंत फी नव्हती, परंतु शिस्त होती: एकट्यानें उतरावयाचें नाहीं, जेवून उतरावयाचें नाहीं, वर एक शहाणा माणूस असल्यावांचून कोणी पाण्याला शिवावयाचें नाहीं. फ्रान्समधील खुर्चीवरचा जीवरक्षक म्हणजे आमचा विहिरीवरचा काकाच होय. फरक इतकाच कीं त्याला पगार मिळतो.

ती विहीर गेली. कांहीं ठिकाणीं पाणी आटलें, कांहीं ठिकाणीं बोअर आल्यामुळें ती बुजवली, आणि मुख्य म्हणजे काका शहरांत आले. गाळ्यांत व सदनिकेंत राहणाऱ्या आमच्या वर्गानें पोहणें सोडलें, तें विचार करून सोडलेलें नाहीं, नकळत सुटलें. सुटल्यावर मात्र त्यास तत्त्वाचा आधार शोधला. “पाण्यापासून लांब राहावें हेंच बरें,” असें म्हणणारी एक वृद्ध पिढी आहे, आणि तिच्या बाजूनें मनूची साक्षहि काढतां येईल. स्नातकाच्या नियमांत बाहूंनीं नदी तरून जाण्यास त्यानें मनाई केली आहे. परंतु त्या प्रकरणाचा रोख पाहिला तर तो नियम निष्कारण जीव धोक्यांत घालणाऱ्यास आहे, हें कोणासहि दिसेल. पोहण्यास शिकूं नये असें त्यांत कोठेंहि नाहीं. उलट आमच्या महाकाव्यांत जलक्रीडेवांचून चालत नाहीं. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गांत कुशाची शरयूंतली जलक्रीडा आहे; किरातार्जुनीय आणि शिशुपालवध या दोहोंच्या आठव्या सर्गांत कवींनीं हाच विषय घेतला आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं सोमेश्वर राजानें बाराव्या शतकांत लिहिलेल्या मानसोल्लासांत राजाच्या विनोदांमध्यें सलिलक्रीडेस जागा दिली आहे. तेव्हां ही चैन पाश्चात्त्यांची, असें म्हणण्यास जागा नाहीं.

येथें ट्रॉम्ब्याची एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या गांवाचें नांव जगांत झालें तें ज्या अणुभट्टीनें, ती ‘पोहण्याच्या तलावा’च्या जातीची होती. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ती सुरू झाली. सोव्हिएट संघ वगळतां आशियांतली ती पहिली. खोल तलावांत पाणी, त्या पाण्यांत इंधन, आणि भट्टी चालूं असतां पाण्यांत दिसणारा निळा प्रकाश. तो पाहून पंडित नेहरूंनीं तिला ‘अप्सरा’ हें नांव दिलें. व्युत्पत्ति पाहतां नांव अगदीं बरोबर बसतें, कारण अप् म्हणजे पाणी, आणि त्यांत जी सरते, संचार करते, ती अप्सरा. ही जुनी भट्टी २००९ सालीं थांबवली, आणि २०१८ सालीं तिच्या जागीं तिची वाढविलेली आवृत्ति चालूं झाली. ट्रॉम्ब्यांत पोहण्याच्या तलावाची इतकी थोर परंपरा असून आम्हांला पोहतां येऊं नये!

विनोद राहूं द्या. पोहण्यानें मनुष्यास काय मिळूं शकतें, याचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलें आहे, आणि तें घरोघर मुलांस सांगावें अशा योग्यतेचें आहे. सांगली जिल्ह्यांतले मुरलीकांत पेटकर सैन्यांत होते. १९६५ च्या युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या आणि कमरेखालचें शरीर निकामी झालें. उपचाराचा भाग म्हणून त्यांस पाण्यांत उतरवलें. जमिनीवर जें शरीर भार झालें होतें, तें पाण्यानें उचलून धरलें. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक सामन्यांत, म्हणजे पॅरालिंपिकमध्यें, ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळविलें. व्यक्तिगत खेळांत भारताच्या वांट्यास आलेलें ऑलिंपिक वा पॅरालिंपिकमधील तें पहिलें सुवर्णपदक. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. मधलीं छेचाळीस वर्षें देशास त्यांची आठवण किती होती, हें वाचकांनींच ठरवावें.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनीं २०१० च्या आशियाई सामन्यांत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारांत कांस्यपदक आणलें. १९८६ नंतर पोहण्यांत भारतास मिळालेलें तें पहिलेंच पदक होतें. पुण्याचे रोहन मोरे यांनीं २०१८ सालीं जगांतील सात अवघड सामुद्रधुनी पोहून पूर्ण केल्या. आणि मुलींच्या बाबतींत ज्यांची मुद्रा प्रश्नार्थक होते, त्यांच्यासाठीं मुद्दाम सांगतों कीं, १९९४ सालीं रूपाली रेपाळे ह्या बारा वर्षांच्या मराठी मुलीनें इंग्लिश खाडी पोहून पार केली. सर्वांच्या मुलींनीं इंग्लिश खाडी ओलांडावी असें आमचें म्हणणें नाहीं. तलावाची रुंदी ओलांडली तरी पुष्कळ झालें.

कारण दुसरी बाजू भयंकर आहे. भारतांत २०२२ ह्या एका वर्षांत बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांहून अधिक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे दहाहून अधिक विद्यार्थी समुद्रानें नेले; त्यांत मुली पुष्कळ होत्या. हीं शिकलेल्या घरांतलीं मुलें. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं कृष्णेच्या महापुरांत सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें माणसें हलवणारी होडीच उलटली व अनेकांचा अंत झाला. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जणें वाहून गेलीं. ह्या शेवटच्या प्रसंगीं पोहतां येऊनहि उपयोग झाला असता असें आम्हांस वाटत नाहीं. खडकावरून लोटणाऱ्या पाण्यापुढें कसलेल्या पोहणाराचाहि निभाव लागत नाहीं. परंतु ज्याला पोहतां येतें, त्याला पाण्याचें वजन आणि ओढ अंगानें ठाऊक झालेली असते, आणि म्हणून तो अशा जागीं मुलाबाळांना घेऊन उभा राहण्यापूर्वीं विचार करतो. ज्यानें पाणी बादलींतच पाहिलें, त्याला धबधबा चित्रासारखा वाटतो. घरीं बसवून ठेवलेल्या मुलाच्या मनांत पाण्याची भीति राहत नाहीं, कुतूहल राहतें. आणि तें तो सोबत्यांबरोबर पावसाळ्यांत, आपल्या पाठीमागें, भागवून घेतो.

धरणाच्या पाण्याविषयीं तर विशेष सावध राहावें. कांठापासून दोन पावलांवर जमीन एकदम तुटलेली असते, तळाशीं गाळ व बुडालेलीं झाडें असतात, आणि वरचें पाणी कोमट असतां पुरुषभर खालीं तें गार लागतें. तापोळ्यास शिवसागर जलाशयांत होडींतून फिरावयास जाणारीं कुटुंबें पुष्कळ. त्यांनीं लाइफ जॅकेट अंगांत घालून त्याचे पट्टे आवळल्यावांचून होडींत पाय ठेवूं नये. मांडीवर घेऊन बसलेलें जॅकेट कोणासहि तारीत नाहीं. नावाडी हंसला तर हंसूं द्यावा.

बुडणारा मनुष्य ओरडतो, हात हालवतो, ही समजूत नाटकांतली आहे. श्वासासाठीं धडपडणाऱ्यास ओरडण्यास श्वास उरत नाहीं. तो उभ्यानें, मान मागें टाकून, मुकाट्यानें खालीं जातो. म्हणून पाण्यांतलें मूल गप्प झालें तर पाहावें. वांचविण्यासाठीं उडी टाकूं नये. पोहतां येत असलें तरी बुडणाऱ्याची मिठी दोघांनाहि तळाशीं नेते. दोर, काठी, सोडलेली साडी, झांकण लावलेला रिकामा डबा, जें हातीं लागेल तें त्याच्याकडे टाकावें. बाहेर काढल्यावर त्यास उलटें टांगणें, पोट दाबून पाणी काढीत बसणें, हे खेड्यांतले उपाय सोडावेत. श्वास चालत नसेल तर प्रथम तोंडानें तोंडांत श्वास भरावा, मग छातीवर दाब द्यावा, आणि कोणास तरी रुग्णवाहिकेसाठीं १०८ ला दूरध्वनि करावयास धाडावें.

आतां शिकावें कोठें? आमच्या खाडींत नव्हे. ओहोटीस तेथें गुडघाभर चिखल असतो, त्यावर रोहित पक्षी शोभतात, मुलें शोभत नाहींत. चेंबूर येथें महापालिकेचा जनरल अरुणकुमार वैद्य जलतरण तलाव आहे, दादरास शिवाजी पार्कजवळ महात्मा गांधी तलाव आहे. इतर उपनगरांतहि पालिकेचे तलाव आहेत. प्रवेशाची वाट पाहावी लागते, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीचा विचार माघांतच करावा. शिक्षक निवडतांना एवढेंच पाहावें कीं, तो मुलांस पहिल्या दिवशीं ढकलतो कीं काय. ढकलणारा शिक्षक नको. पहिला आठवडा मुलानें पायरीवर बसून पाण्यांत तोंड घालून श्वास सोडावा, मग कठडा धरून पाय मारावेत, मग छाती भरून उताणें पडून राहावें. फुप्फुसांत हवा असतां मनुष्यदेह पाण्याहून किंचित् हलका असतो आणि आपोआप तरंगतो. बुडतो तो घाबरून हात वर काढल्यामुळें, कारण वर काढलेल्या हाताचें ओझें बाकीच्या देहास सोसावें लागतें. हें मुलाला एकदां अंगानें समजलें म्हणजे निम्मी विद्या आली.

आमच्या वयाच्या वाचकांपैकीं कोणी विचारतील कीं, साठीनंतर शिकतां येईल काय. डॉक्टरांस विचारून अवश्य शिकावें. सांधे दुखणाऱ्यास तर पाण्यासारखा सोयरा नाहीं. सकाळीं सहाची पाळी घ्यावी, तेव्हां गर्दी कमी असते. लाज वाटत असेल तर नातवंडास बरोबर न्यावें आणि त्याच्या निमित्तानें आपणहि उथळ बाजूस उतरावें.